डूला म्हणून छोटा व्यवसाय चालवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली अकरा वर्षं मी डूला म्हणून, म्हणजे बाळंत होणाऱ्या बाईच्या सोबतीला राहून तिला आधार देणारी म्हणून, काम करते आहे. या कामात नव्याने येऊ पाहणाऱ्या बायका भेटल्या की बाळंतपणाबद्दल फार थोडं विचारतात. त्यांचे प्रश्न असतात पैशांचे, रात्रीच्या फोनचे, हॉस्पिटलमधल्या वागणुकीचे. कळा देणाऱ्या बाईच्या पाठीवर हात कसा ठेवायचा हे शिकवणारे वर्ग आहेत, पण त्या हाताचे पैसे कसे मागायचे हे तिथे क्वचितच कुणी सांगतं. त्यापायी उत्तम हात असलेल्या कितीतरी जणी दोन-तीन वर्षांत थकून काम सोडताना मी पाहिल्या आहेत, आणि प्रत्येक वेळी जीव हळहळला आहे. पुढची उत्तरं त्यांच्यासारख्यांना टिकून राहता यावं म्हणून लिहिली आहेत.

डूला म्हणजे सुईणच ना?

नाही. सुईण बाळंतपण करते, डूला बाळंत होणाऱ्या बाईजवळ असते. गर्भाशयाचं तोंड किती उघडलं हे तपासणं, बाळाचे ठोके ऐकणं, रक्तदाब घेणं, औषध देणं, यातलं काहीही डूला करत नाही. येत असलं तरी करत नाही. कळ आली की श्वासाचा ताल धरून ठेवणं, कूस बदलायला, चालायला, बॉलवर बसायला मदत करणं, डॉक्टर काय म्हणाले ते घाबरलेल्या डोक्यात शिरेल अशा शब्दांत परत सांगणं, आणि मुख्य म्हणजे उठून न जाणं, हे तिचं काम. नर्सची पाळी बदलते, डॉक्टर येऊन-जाऊन असतात. डूला पहिल्यापासून शेवटपर्यंत तिथेच असते.

शब्द मूळचा ग्रीक. अर्थ सेविका, अगदी जुन्या अर्थाने दासी. मानववंशशास्त्रज्ञ डाना राफाएल यांनी १९७३ साली तो बाळंतिणीला आधार देणाऱ्या बाईसाठी वापरला आणि पुढे तो रुळला. 'दासी' हा अर्थ खटकतो म्हणून काही जणी प्रसूती-सोबतीण म्हणवून घेतात. नाव कुठलंही घ्या, पण पाटीवर किंवा कार्डावर वैद्यकीय पदवी वाटेल असं काही लिहू नका.

डूलाचा खरोखर उपयोग होतो याला काही पुरावा आहे का? ग्राहक विचारतात.

आहे, आणि तो नीट माहीत असायला हवा. जॉन केनेल, मार्शल क्लाउस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या ह्यूस्टनमध्ये केलेला अभ्यास १९९१ साली प्रसिद्ध झाला. त्यात सगळ्या पहिलटकरणी होत्या. ज्यांच्याजवळ डूला होती त्यांच्यात सीझरचं प्रमाण ८ टक्के निघालं, नेहमीच्या पद्धतीने बाळंत झालेल्यांत १८ टक्के. मला त्यातला तिसरा गट सर्वांत बोलका वाटतो. त्या गटात एक बाई खोलीत नुसती बसून नोंदी घेत होती, बोलत नव्हती, हात लावत नव्हती. तिथे प्रमाण १३ टक्के होतं. नव्या डूलांना मी हा आकडा मुद्दाम सांगते, कारण 'आपण काहीच करत नाही आहोत' या भावनेने त्या पहिल्या काही रात्री फार अस्वस्थ होतात.

पुढे २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक अभ्यास एकत्र तपासणारा हा आढावा) १७ देशांमधल्या १५ हजारांहून अधिक बायकांची माहिती एकत्र झाली. सतत कुणीतरी सोबत असेल तर नैसर्गिक प्रसूतीचं प्रमाण वाढतं, सीझरची शक्यता सरासरी पाव हिश्शाने कमी होते आणि कळांचा काळ थोडा आटोपता होतो, असं त्यात दिसलं. पुरावा अजून भक्कम व्हायला हवा, हेही त्याच आढाव्यात लिहिलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या शिफारशींत प्रत्येक बाईला कळांच्या आणि प्रसूतीच्या काळात तिच्या पसंतीची सोबत मिळावी असं म्हटलं आहे.

मात्र हे आकडे हजारो बायकांचे मिळून आहेत, समोर बसलेल्या एका बाईबद्दल ते काहीच कबूल करत नाहीत. 'माझ्यामुळे तुमचं सीझर टळेल' असं म्हणणारी डूला स्वतःलाही फसवते आणि तिलाही. सीझर झालंच, तर आधीच खचलेल्या त्या बाईला वाटतं की डूला घेऊनही मला जमलं नाही. माझ्या माहितीपत्रकात निकालाबद्दल एकही वाक्य नाही. मी कधी येईन, काय करीन आणि किती वेळ थांबेन, एवढंच आहे.

प्रमाणपत्र लागतंच का?

बहुतेक ठिकाणी कायद्याने सक्ती नसते. तुमच्याकडे काय नियम आहे तो पाहून घ्या. १९९२ मध्ये स्थापन झालेल्या डोनासारख्या संस्था प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र देतात, इतरही बऱ्याच आहेत. माझं मत असं की प्रमाणपत्र नसलं तर चालेल, प्रशिक्षण नसलं तर चालणार नाही. आणि प्रशिक्षण निवडताना एकच पाहा: प्रत्यक्ष प्रसूतीला हजर राहून अनुभवी बाईकडून आपली चूक दाखवून घेण्याची सोय त्यात आहे का.

फी किती ठेवू?

आकडा मी सांगणार नाही, हिशेब सांगते. नव्या मुली फी ठरवताना फक्त प्रसूतीचे तास मोजतात आणि तिथेच गणित चुकतं. मी एका ग्राहकामागे जाणारे तास वहीत लिहायला लागले तेव्हा चित्र असं निघालं: ओळखीची पहिली भेट १ तास, आधीच्या दोन भेटी मिळून ४ तास, फोन आणि मेसेज मिळून ५, प्रत्यक्ष प्रसूती १६, नंतरची एक भेट २, सगळा प्रवास ५, करार-पावत्या-नोंदी ३. झाले ३६ तास. तुमचे कमी-जास्त होतील, पण सहा महिने लिहून काढल्याशिवाय ते कळणार नाहीत. शिवाय ओळखभेट झालेल्या सगळ्या जणी ग्राहक होत नाहीत. त्यांच्या भेटींचे तासही कुठेतरी भरून निघाले पाहिजेत.

या तासांवर ऑन-कॉलचे, म्हणजे फोन आला की लगेच निघायच्या तयारीत राहण्याचे, आठवडे येतात. त्या काळात गावाला जाता येत नाही, फोन दुसऱ्या खोलीत ठेवता येत नाही, घरातल्या कुणाला 'उद्या नक्की येते' असा शब्द देता येत नाही. हे बांधलेपण म्हणजेच तुमच्या मालाचा मोठा भाग आहे, त्याची किंमत फीत असायलाच हवी. मग प्रवासखर्च, विमा, फोन, बॅकअपचे (ऐन वेळी तुमच्याऐवजी जाणाऱ्या दुसऱ्या डूलाचे) पैसे, दरवर्षीचं शिकणं आणि कर वजा करा. माझ्या वहीत फीचा साधारण तिसरा हिस्सा यात जातो. उरलेल्याला ३६ ने भागा आणि जो आकडा येईल त्याच्याकडे नीट बघा. तेवढ्या पैशांत रात्रभर दुसऱ्याच्या पाठीला दाब देत उभं राहायला तुम्ही पाच वर्षांनीही तयार असाल का?

प्रसूतीची फी तासावर लावू नका, ठोक ठेवा. कळा देणाऱ्या बाईच्या डोक्यात मीटर पडायला नको. लांबत चाललंय म्हणून तिला माझी भीड वाटायला लागली, तर मी तिथे असण्याचा उपयोग काय?

सुरुवातीला फुकट काम करू का?

शिकण्यासाठी दोन किंवा तीन प्रसूती कमी पैशांत जरूर करा, पण आकडा आधी ठरवा आणि करारावर पूर्ण फी लिहून त्यातून सूट दाखवा. अगदी फुकट मिळालेल्या सोबतीला लोक ऐन वेळी 'आता नको' म्हणतात, आणि तुम्हीही मनातल्या मनात कुरकुरता. ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी वर्षाला एक-दोन जागा राखून ठेवणं ही वेगळी आणि फार चांगली गोष्ट आहे. मी ठेवते. पण ते वर्षाच्या सुरुवातीला ठरवून, भिडेपोटी नव्हे.

पैसे मागायला जिवावर येतं. काय करू?

तोंडाने मागावे लागणार नाहीत अशी व्यवस्था करा. करार सही होताना अर्धी फी, उरलेली ३७ वा आठवडा लागायच्या आत. तारीख करारात, आठवणीचा मेसेज आधीच लिहून ठेवलेला, पावती लगेच. प्रसूतीनंतर एक पैसाही येणं बाकी ठेवू नका. तिच्या कुशीत तान्हं बाळ असताना तुम्हाला हिशेब काढावासा वाटणार नाही, आणि तो काढूही नये. याचं आणखी एक कारण आहे, ते पुढे बाळ दगावल्याच्या प्रश्नात येईल.

करारात काय काय असावं?

दोन पानांत मावेल एवढंच, आणि साध्या भाषेत. सही घेण्याआधी मी तो जोडप्याबरोबर मोठ्याने वाचते. वाचताना नेमक्या जागी प्रश्न येतात.

मी काय करते आणि काय करत नाही, हे सर्वांत वर. त्यानंतर ऑन-कॉल कधी सुरू होतं. माझ्याकडे ३८ व्या आठवड्यापासून प्रसूतीपर्यंत. जगभरात साधारण दहातलं एक बाळ ३७ आठवडे पुरे होण्याआधी जन्मतं, म्हणून त्याआधी कळा आल्या तर काय, हेही लिहिलेलं हवं. माझ्या करारात शब्द आहेत: '३८ आठवड्यांआधी फोन आला तर मी किंवा बॅकअप येण्याचा पूर्ण प्रयत्न करू. कुणीच येऊ शकलं नाही तर अर्धी फी परत.'

फोन केल्यावर किती वेळात पोचणार, हे लिहा. आधी घरी येणार की थेट हॉस्पिटलमध्ये, तेही. ठरवून केलेलं सीझर असेल तर काय. हॉस्पिटलने दारातच अडवलं तर काय. तिने नंतर विचार बदलला तर कुठपर्यंत पैसे परत आणि कुठून पुढे नाही. बाळंतपण इतकं झटपट झालं की मी वाटेतच होते, तर काय. या शेवटच्या प्रसंगी मी फी परत करत नाही, त्याऐवजी नंतरच्या दोन भेटी वाढवून देते. काही जणी थोडा भाग परत करतात. दोन्ही योग्यच, फक्त आधी लिहिलेलं असू द्या.

नमुन्याचा करार मिळवून आपल्या नावाने वापरू नका. एकदा पैसे खर्च करून वकिलाकडून तपासून घ्या. व्यवसायात मी केलेल्या खर्चांपैकी सर्वांत शांत झोप याच खर्चाने दिली.

महिन्यात किती बाळंतपणं घ्यावीत?

सुरुवातीला एक, नंतर दोन. तीन फक्त ज्यांचा बॅकअप पक्का आहे त्यांनी. दिलेल्या तारखेलाच जन्मणारी बाळं शंभरात जेमतेम चार-पाच असतात, त्यामुळे 'एकीची ५ तारीख, दुसरीची २० तारीख' असं कॅलेंडरवर कितीही सुटसुटीत दिसलं तरी एकीची लांबते, दुसरीची आधी येते आणि दोघी एकाच रात्री फोन करतात.

बॅकअप डूला खरंच हवी का? आजवर कधी गरज पडली नाही.

मलाही तिसऱ्या वर्षापर्यंत पडली नव्हती. मग एका रात्री एकीच्या कळा १४ तास चालल्या होत्या, तिला सोडून हलणं शक्य नव्हतं, आणि पहाटे तीनला दुसरीचा फोन आला. तिचे ३८ आठवडे पुरे होऊन चार दिवस झाले होते. माझ्या बॅकअप मैत्रिणीशी सगळं तोंडीच ठरलं होतं. त्या आठवड्यात तिचा फोन चालू असायला हवा, हे कुठे लिहिलेलं नव्हतं, आणि तो बंद होता. दुसरी बाई माझ्याशिवाय बाळंत झाली. मी सगळे पैसे परत केले. तिने ते घेतले आणि एवढंच म्हणाली, "पैशांचं नाही हो, तुम्ही यायला हवं होतं." ते वाक्य आजही माझ्या पोटात तसंच आहे.

तेव्हापासून बॅकअपशी वेगळा लेखी करार असतो. कोणत्या तारखा, नुसतं सज्ज राहण्याचे किती, प्रत्यक्ष आली तर फीचा किती हिस्सा, आणि मधल्या वेळी हात बदलायला आली तर किती. बॅकअपची आणि ग्राहकाची ३६ व्या आठवड्यात एक भेट मी घालून देतेच. कळांच्या मध्यावर दार उघडून अनोळखी बाई आत येता कामा नये. आणि १८-२० तास उलटल्यावर मी स्वतःहून चार तासांसाठी तिला बोलावते. थकलेली डूला चिडचिडी होते आणि ते बाईला लगेच कळतं.

हॉस्पिटलमध्ये नीट वागवत नाहीत. कसं जमवायचं?

एका ठिकाणी मला दारात थांबवलं होतं, 'फक्त एकच माणूस आत' म्हणून. नवऱ्याला आत पाठवून मी बाहेरच्या बाकावर बसले आणि तो दर अर्ध्या तासाने बाहेर येऊन विचारून जात होता. चूक माझी होती, मी आधी विचारलंच नव्हतं. आता पहिल्या भेटीतच जोडप्याला सांगते की पुढच्या तपासणीला डॉक्टरांना थेट विचारा: डूला चालेल का, दोघं आत थांबू शकतील का, सीझर झालं तर कोण आत येईल. उत्तर शक्यतो लेखी घ्या.

आत गेल्यावर नर्सला स्वतःचं नाव सांगा, तिचं विचारा, आपण तपासणी किंवा औषधात पडत नाही हे पहिल्या पाच मिनिटांत कळू द्या. यंत्र आणि पलंग यांच्या मधली जागा तिची, तिथे उभं राहू नका. एखादा उपचार बाईला न समजावता सुरू होतोय असं वाटलं तर डॉक्टरांशी वाद घालू नका, बाईकडे वळून म्हणा, "तुला याबद्दल काही विचारायचंय का? वेळ हवाय का?" तिचा आवाज तिलाच वापरू द्या. तिच्या वतीने भांडणारी डूला घरच्यांना त्या दिवशी शूर वाटते, पण पुढच्या बाईसाठी ते दार बंद होतं.

नवरा म्हणतो, मग माझं काय काम?

हा प्रश्न येतोच आणि तो मनापासूनचा असतो. त्याला हाताला धरून दाखवा. ३६ व्या आठवड्याच्या भेटीत मी जोडीदाराला बाईच्या मागे उभं करते आणि तिच्या कमरेच्या दोन्ही बाजूंच्या हाडांवर तळवे ठेवायला सांगते. बोटं पाठीकडे नाहीत, तळव्यांची टाच हाडावर. मग दोन्ही हातांनी आत आणि किंचित वर दाबायचं. पहिल्यांदा सगळेच घाबरून हळू दाबतात. ती म्हणते, "अजून." तो अजून दाबतो. ती म्हणते, "अजून," आणि मग तिचे खांदे खाली येतात. त्या क्षणी त्याचा चेहरा बघावा. कोपरं न वाकवता अंगाचं वजन टाकायचं, म्हणजे दहा कळांनंतरही हात थरथरत नाहीत, हेही तेव्हाच शिकवते. त्यानंतर 'माझं काय काम' हा प्रश्न पुन्हा येत नाही. तो दाब देतो, मी त्याला पाणी देते, तो दमला की जागा बदलतो.

आई, सासू, बहीण, जी कुणी सोबत असेल तिच्याशीही असंच वागावं.

ग्राहकाने वैद्यकीय सल्ला विचारला तर?

'हे डॉक्टरांना विचार' एवढंच बोलून विषय तोडू नका. प्रश्न नीट मांडायला मदत करा: हे का करायचं, नाही केलं तर काय, दुसरा मार्ग आहे का, थांबायला किती वेळ आहे. उत्तर मात्र त्यांच्याकडूनच येऊ द्या.

काही गोष्टींत मात्र एकच वाक्य बोलायचं, 'आत्ता निघा'. बाळाची हालचाल कमी वाटणं, तीव्र डोकेदुखीबरोबर डोळ्यांपुढे अंधारी किंवा चमचम, अंगावरून रक्त जाणं, पाणी हिरवट जाणं. बाळंतपणानंतर तासाभरात पॅड भिजेल इतका रक्तस्राव, ताप, छातीत दुखणं, धाप लागणं, एकाच पायाची सूज आणि दुखणं. अशा वेळी तिला धीर देत बसणं म्हणजे तिचा वेळ खाणं. फोन केव्हा आला आणि तुम्ही काय सांगितलं, ते वेळेसह लिहून ठेवा.

बाळंतपणानंतरची डूला हा वेगळा व्यवसाय आहे का?

बराचसा वेगळा. तिथे तासाने किंवा रात्रपाळीने पैसे घेतात, वेळा ठरलेल्या असतात, ऑन-कॉल नाही. ज्यांची स्वतःची मुलं लहान आहेत त्यांना मी आधी हेच काम सुचवते. पण करार आणखी काटेकोर हवा, कारण 'आलीच आहेस तर' या तीन शब्दांत सगळं घरकाम तुमच्या अंगावर येतं. काय करणार ते लिहा: बाळाला अंगावर घ्यायला मदत, आईला झोप मिळेल अशी बाळाची राखण, तिचं खाणं-पिणं वेळेवर होतंय ना ते पाहणं, बाळाचे कपडे.

आणि तिच्या मनाकडे लक्ष. पहिल्या काही दिवसांतलं रडू बहुतेक जणींना येतं आणि दोन आठवड्यांत ओसरतं. दोन आठवड्यांनंतरही ती कोमेजलेलीच असेल, बाळ झोपलं तरी तिला झोप लागत नसेल, तर तिला डॉक्टरांकडे पोचवणं हे तुमचं काम. बाळंतपणानंतरचं नैराश्य हेरण्यासाठी १९८७ साली तयार झालेली एडिनबरा प्रश्नावली दहा प्रश्नांची आहे आणि डॉक्टर-नर्सेस ती बऱ्याच देशांत वापरतात. ती आपण ओळखून असावी, पण निदान करायला बसू नये. जीव द्यावासा वाटतो किंवा बाळाला काही करून बसेन असं ती बोलली, किंवा इतरांना न दिसणारं तिला दिसू-ऐकू यायला लागलं, तर तिला एकटीला सोडायचं नाही आणि त्याच तासाला मदत मिळवायची.

बाळ दगावलं तर काय करायचं? पैशांचं काय?

जायचं. आधी कळलं असेल आणि मृत बाळाला जन्म द्यायचा असेल, तर तिला नेहमीपेक्षा जास्त गरज असते. कळा तशाच येतात आणि श्वास तसाच धरावा लागतो. काय बोलायचं हे सुचत नसेल तर बोलू नका. बाळाला नाव ठेवलं असेल तर नावाने उल्लेख करा. 'पुन्हा होईल' हे शब्द तोंडातून जाऊ देऊ नका. आणि एक गोष्ट तिला हळुवारपणे आधी सांगून ठेवा, कारण कुणीच सांगत नाही: दोन ते चार दिवसांत दूध उतरेल. त्या सकाळी ते अचानक कळलं तर बाई कोसळते. त्यासाठी काय करायचं ते डॉक्टरांना विचारून ठेवा.

पैसे ३७ व्या आठवड्याआधी पूर्ण घ्यायचे म्हणते ते यासाठी. अशा घरात तुमचं बिल जाता कामा नये. आपणहून काही परत करायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. मी नंतरच्या भेटी वाढवते आणि त्या मोजत नाही. नंतर स्वतःसाठी दोन आठवडे मोकळे ठेवा आणि एखाद्या अनुभवी डूलाशी किंवा समुपदेशकाशी बोला. न बोलता पुढच्या प्रसूतीला गेलात तर ती खोली तुमच्याबरोबर येते.

ग्राहक कुठून मिळतात?

पहिल्या वर्षी सगळीकडे सांगून, तिसऱ्या वर्षापासून आधीच्या बायकांकडून. मधलं वर्ष कठीण. योगाचे आणि गर्भसंस्काराचे वर्ग घेणाऱ्या, स्तनपान-सल्लागार, फिजिओथेरपिस्ट, सुईणी यांना प्रत्यक्ष जाऊन भेटा. काम मागू नका, त्या काय करतात ते समजून घ्या आणि तुमच्या ग्राहकांना त्यांच्याकडे पाठवा. कमिशन देऊ-घेऊ नका. तुम्ही कुणाचं नाव सुचवलं की त्या बाईला ते निखळ मत वाटतं, ते तसंच राहू द्या.

बाळांचे फोटो, प्रसूतीच्या गोष्टी सोशल मीडियावर टाकल्या तर प्रसिद्धी होते ना?

होते. पण मी टाकत नाही. लेखी परवानगी घेऊन टाकणाऱ्या जणी आहेत आणि त्यांचं काम चांगलं आहे. माझी अडचण अशी की ३६ व्या आठवड्यात 'हो' म्हणणाऱ्या बाईला प्रसूतीनंतर काय वाटेल हे तिलाही माहीत नसतं. परवानगी घ्यायचीच तर प्रसूतीनंतर सहा आठवड्यांनी, आणि ती कधीही मागे घेता येईल असं लिहून. 'आत्ता एका प्रसूतीला आहे' अशी नाव न घेता टाकलेली ओळसुद्धा नको. ओळखीच्यांना दोन मिनिटांत कळतं कोण ते.

विमा, कर, नोंदी?

व्यावसायिक दायित्वाचा विमा (कामातल्या चुकीबद्दल कुणी भरपाई मागितली तर उपयोगी पडणारा) मिळत असेल तर घ्या. व्यवसायाचं बँक खातं पहिल्या दिवसापासून वेगळं. प्रत्येक पावतीला क्रमांक. कराचे पैसे फी आल्या दिवशीच बाजूला टाका. ग्राहकांच्या नोंदी कुलपात किंवा पासवर्डमागे, आणि किती वर्षं ठेवायच्या ते स्थानिक नियम पाहून. एकटीच्या नावावर व्यवसाय ठेवायचा की कंपनी काढायची, हे हिशेबनीसाला विचारा.

बॅगेत काय ठेवता?

दरवर्षी बॅग हलकी होत गेली. आता फोनचा चार्जर, कपड्यांचा एक जोड, गरम पाण्याची पिशवी, सुगंध नसलेलं तेल, बाक असलेल्या स्ट्रॉ, केसांचे रबर, माझं खाणं, आणि एक हातपंखा. पंखा सर्वांत जास्त वापरला जातो.

एखाद्या ग्राहकाला नाही म्हणावं का?

हो. बाईला डूला नको आहे आणि घरच्यांना हवी आहे, असं दिसलं तर. डॉक्टरांवर अजिबात विश्वास नाही म्हणून 'तुम्हीच सगळं बघा' असं कुणी म्हणालं तर. आपणहून दुसऱ्या डूलाचं नाव द्या, मोघम कारणं देऊ नका.

रात्री फोन वाजला की आधी काय करायचं?

उठून बसायचं, पडल्या-पडल्या बोलायचं नाही. नवरा बोलत असेल तर फोन तिच्याकडे द्यायला सांगायचा. कळा किती मिनिटांनी येतात ते विचारायचंच, पण मी मुख्यतः ऐकते. कळ आली आणि ती बोलत राहिली, हसली, तर बहुधा अजून वेळ आहे. तिला झोपायला, काही खाऊन घ्यायला सांगते आणि तासाने पुन्हा फोन करते. वाक्य अर्ध्यात तुटलं, पलीकडे फक्त श्वास ऐकू आला आणि कळ ओसरल्यावर 'काय म्हणत होते मी?' असं ती म्हणाली, तर मी बोलता-बोलता चपला शोधायला लागलेली असते. पाणमोट फुटली असेल तर पाण्याचा रंग विचारायचा आणि हॉस्पिटलला कळवलं का, ते विचारायचं. मग बॅकअपला एक मेसेज: 'निघते आहे, सज्ज राहा.' वहीत वेळ. दाराबाहेर पडण्याआधी एक ग्लास पाणी प्यायचं, कारण पुढचं केव्हा मिळेल ते माहीत नसतं.